‘करण्यात येईल’ म्हणजे नेमकं कोण करील?

‘यंत्राची उभारणी समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्यानंतर उर्वरित ३० टक्के रक्कम अदा करण्यात येईल.’

हे वाक्य माझं आहे. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी लिहिलं आणि तेव्हा मला ते चांगलं भारदस्त वाटलं होतं. यंत्र बसलं, चालू झालं, त्यावर अकरा महिने तीन पाळ्यांत माल निघाला, तरी माझ्या अशिलाचे ३० टक्के अडकलेलेच. खरेदीदार पैसे बुडवतो असं म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच की आमचं अजून समाधान झालेलं नाही. वाक्य पुन्हा वाचलं तर तो खोटंही बोलत नव्हता.

समाधान कोणाचं? कशावरून ठरवायचं? किती दिवसांत? आणि ‘अदा करण्यात येईल’ तर कोण करील? एका वाक्यात चार भोकं. तेव्हापासून बावीस वर्षं मी व्यापारी करारांचे मसुदे लिहिते आहे. त्यातल्या कामाच्या सवयी इथे मांडते. बहुतेक सवयी कुठल्या ना कुठल्या भोकातून पडूनच लागल्या आहेत.

आधी गोष्ट, मग टेम्प्लेट

मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते साहेब माझा मसुदा उघडायच्या आधी विचारायचे, ‘यातले पैसे कधी थांबवता येतात?’ उत्तर देता आलं नाही तर कागद तसाच परत. मला राग यायचा. आता मी हाच प्रश्न माझ्या ज्युनियरांना विचारते आणि त्यांना राग येतो.

जुना करार उघडून त्यात नावं बदलायला बसू नका. आधी व्यवहाराची गोष्ट एका पानात साध्या भाषेत लिहा: पहिल्या दिवशी कोण कोणाच्या हातात काय देतो, मग काय होतं, पैसे कुठल्या टप्प्यावर सुटतात, शेवट कसा होतो. ही गोष्ट व्यवहार ठरवणाऱ्या माणसाकडूनच ऐकू नका, तो निभावणाऱ्यांकडूनही ऐका. सौदा विक्रीवाला ठरवतो, पण माल उतरवून घेणारा गोदामातला माणूस आणि बिल पास करणारी अकाउंट्समधली बाई यांना माहीत असतं की नेहमी उशीर कुठे होतो. त्यांना मी तीन गोष्टी विचारते. मागच्या वेळी काय अडलं होतं? ते सोडवायला कोणाला फोन केला? तो माणूस उद्या नोकरी सोडून गेला तर काय कराल? तिसऱ्या प्रश्नावर माणसं गप्प होतात, आणि करारातलं एक कलम तिथेच सापडतं.

गोष्ट लिहून झाली की टेम्प्लेट खुशाल उघडा. पण त्यातलं जे कलम तुमच्या गोष्टीत कुठेच बसत नाही ते काढा. मशीन पुरवठ्याच्या करारात सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडचं कलम राहून गेलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी त्यावर सह्या घेतल्या होत्या.

क्रियापदांच्या मागे माणूस उभा करा

मराठीत कायदेशीर लिहायचं म्हटलं की आपला हात आपोआप कर्मणीकडे वळतो. माल पोहोचवण्यात येईल. काळजी घेतली जाईल. सहकार्य अपेक्षित आहे. जबाबदारी राहील. सरकारी पत्रांनी लावलेली ही सवय आहे. कानाला वजनदार लागतं, पण कर्ता गायब होतो, आणि करारात कर्ता गायब झाला की नोटीस कोणाच्या नावाने काढायची हेच कळत नाही.

उपाय अगदी यांत्रिक आहे. मसुदा झाला की सर्चमध्ये ‘येईल’, ‘जाईल’, ‘राहील’, ‘अपेक्षित’ हे शब्द एकेक करून शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा, कोण? उत्तर दोन पक्षकारांपैकी एकाचं नाव असेल तर वाक्य त्या नावाने सुरू करा. ‘दोघेही’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. दोघांची जबाबदारी ही बहुतेक वेळा कोणाचीच नसते.

माझं ते पडकं कलम आज मी असं लिहीन:

‘विक्रेता यंत्र बसवून झाल्यावर खरेदीदाराला ईमेलने कळवील. त्या ईमेलनंतर ५ कामकाजी दिवसांत विक्रेता खरेदीदाराच्या प्रतिनिधीसमोर परिशिष्ट ख मधली चाचणी घेईल. यंत्राने सलग ८ तास ताशी किमान १,२०० नग काढले आणि सदोष नग २ टक्क्यांपेक्षा जास्त नसले, तर चाचणी यशस्वी ठरेल. पुढीलपैकी जे आधी घडेल त्या दिवशी खरेदीदाराने यंत्र स्वीकारलं असं मानलं जाईल: चाचणी यशस्वी ठरणं, विक्रेत्याने ठरवलेल्या चाचणीला खरेदीदाराने प्रतिनिधी न पाठवणं, किंवा खरेदीदाराने यंत्रावर विक्रीसाठी उत्पादन सुरू करणं. त्या दिवसापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदार उर्वरित ३० टक्के रक्कम विक्रेत्याच्या खात्यात भरील.’

लांब झालं, पण यात ‘समाधान’ नाही. ‘मानलं जाईल’ हा कर्मणी मी मुद्दाम ठेवला आहे, कारण तिथे कोणी काही करायचं नाही. कायद्याने तसं धरायचं आहे. तिसरा पर्याय, उत्पादन सुरू करण्याचा, त्या अकरा महिन्यांनी शिकवला. विक्रेत्याची बाजू असेल तर तो सोडू नका. खरेदीदाराची बाजू असेल तर तिथे ‘चाचणीसाठी काढलेला माल यात धरू नये’ एवढं जोडून घ्या.

कोणतं तेल? कोणतं जहाज?

भारताच्या १८७२ च्या करार कायद्यात कलम २९ आहे: ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. कायद्याने दिलेलं उदाहरण फार बोलकं आहे. ‘अ’ने ‘ब’ला शंभर टन तेल विकायचं ठरवलं. कोणतं तेल, हे कळायला काहीच मार्ग नाही. करार गेला. पण तोच ‘अ’ जर फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर त्याच्या धंद्यावरून अर्थ लागतो आणि करार टिकतो. पण आपला करार असा ‘धंद्यावरून अर्थ लावून’ टिकवायची वेळ का येऊ द्यायची?

आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटतं तिथेच घोळ होतो. १८६४ चा इंग्लंडमधला खटला पाहा. मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाच्या जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा झाला होता. मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाची दोन जहाजं निघाली, एक ऑक्टोबरमध्ये, दुसरं डिसेंबरमध्ये. खरेदीदाराच्या मनात पहिलं, विक्रेत्याच्या मनात दुसरं. डिसेंबरच्या जहाजाचा कापूस घ्यायला खरेदीदाराने नकार दिला आणि कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला. निघण्याचा महिना लिहिला असता तर हा खटलाच उभा राहिला नसता. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने तर निकालाची सुरुवातच ‘कोंबडी म्हणजे काय, हा प्रश्न आहे’ अशी केली. खरेदीदाराला कोवळ्या कोंबड्या हव्या होत्या, विक्रेत्याने शिजायला वेळ लागणाऱ्या जून कोंबड्या पाठवल्या. करारात ग्रेड होता, वजन होतं, पण वय नव्हतं. खरेदीदार हरला, कारण आपलाच अर्थ खरा हे सिद्ध करणं त्याच्यावर होतं आणि त्याला ते जमलं नाही.

म्हणून व्याख्या. पण मराठीत व्याख्या लिहिताना एक अडचण येते. इंग्रजी करारात व्याख्या केलेला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा खास अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे मोठी अक्षरंच नाहीत. ‘सेवा’ची व्याख्या केलीत आणि पुढे कुठेतरी ‘ग्राहकसेवा’ किंवा ‘विक्रीनंतरची सेवा’ सहज लिहिलंत, तर ती व्याख्येतली सेवा की साधी? मी दोनपैकी एक करते. व्याख्येचा शब्द संपूर्ण करारात ठळक अक्षरात ठेवते, किंवा शब्दच असा निवडते की तो चुकून दुसऱ्या अर्थाने येणार नाही: ‘सेवा’ऐवजी ‘देखभाल-काम’, ‘माल’ऐवजी ‘परिशिष्ट क मधला माल’. आणि एक शब्द ठरला की तोच. शाळेत निबंधाच्या बाई एकच शब्द पुन्हा आला की लाल रेघ ओढायच्या. करारात उलट आहे. तुम्ही एका कलमात ‘रक्कम’, दुसऱ्यात ‘मोबदला’ आणि तिसऱ्यात ‘देयक’ लिहिलंत, तर समोरचा वकील म्हणेल की तीन शब्द आहेत म्हणजे तीन गोष्टी आहेत. त्याच्या जागी मीही तेच म्हणेन.

‘इत्यादी’, ‘वगैरे’, ‘योग्य तो’, ‘लवकरात लवकर’, ‘रीतसर’: यांची यादी भिंतीवर लावा.

आठ दिवस म्हणजे सात

बोलताना आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात पुढच्या आठवड्यातला तोच वार असतो. म्हणजे सात दिवस. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे बहुतेकदा दोन आठवडे, चौदा दिवस. बोलण्यात काही बिघडत नाही, पण करारात आठ म्हणजे आठच. बैठकीत अशिलाने ‘आठ दिवसांत देतो’ म्हटलं तर मी कॅलेंडर पुढे करते आणि तारखेवर बोट ठेवायला सांगते.

मुदतीच्या प्रत्येक वाक्यात चार गोष्टी हव्यात. घड्याळ कशाने सुरू होतं. तो पहिला दिवस मोजायचा की नाही. साधे दिवस की कामकाजी, आणि कामकाजी असतील तर कोणत्या ठिकाणच्या सुट्ट्या धरून. आणि शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत, कुठल्या वेळेनुसार. हे प्रत्येक कलमात लिहीत बसू नका. व्याख्यांमध्ये एकदा ‘दिवस कसे मोजायचे’ असं कलम घाला आणि मोकळे व्हा. ‘३१ तारखेपर्यंत’मध्ये ३१ धरायची की नाही यावर वाद होऊ शकतो. ‘३१ तारखेला संध्याकाळी ६ वाजता किंवा त्याआधी’ यावर होत नाही.

आकड्यांचंही तसंच. किंमत सूत्राने ठरणार असेल, समजा कच्च्या मालाच्या दरानुसार वरखाली होणार असेल, तर परिशिष्टात एक सोडवलेलं उदाहरण द्या. आधारदर १००, नवा दर ११०, कच्च्या मालाचा वाटा ४० टक्के, म्हणून किंमत ४ टक्क्यांनी वाढेल. एवढं छोटं गणित. मी असं उदाहरण लिहायला बसले की तीनात एकदा तरी सूत्रच चुकलेलं सापडतं. टक्के कशाचे, कर धरून की सोडून, हे शब्दांत सुटतं आणि गणितात पकडलं जातं.

स्वल्पविरामावर भरवसा नको

कॅनडात दोन कंपन्यांमध्ये खांबांवरून तारा नेण्याचा करार होता. तो पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल, एक वर्षाची नोटीस देऊन संपवल्याखेरीज, अशा अर्थाचं वाक्य होतं. नोटीस देऊन संपवण्याचा हक्क पहिल्या पाच वर्षांतही आहे, की फक्त वाढीव काळात? २००६ मध्ये दूरसंचार नियामकाने वाक्यातल्या दुसऱ्या स्वल्पविरामाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, पहिल्या पाच वर्षांतही आहे. २००७ मध्ये त्याच नियामकाने तो निर्णय फिरवला, कारण कराराच्या फ्रेंच प्रतीत तो संदिग्धपणा नव्हता.

यातून मी दोन सवयी घेतल्या. अट, मुदत आणि अपवाद एका वाक्यात कोंबत नाही. तीन वाक्यं, तीन क्रमांक. आणि करार दोन भाषांत असेल तर कोणती प्रत अंतिम, हे पहिल्याच पानावर लिहिते. मराठी आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून पाहते, कंटाळा येतो तरी.

बिघडलं तर

‘दर परस्पर संमतीने ठरवण्यात येतील’ हे वाक्य बैठकीत सगळ्यांना आवडतं. भांडण तेवढ्यापुरतं टळतं ना! पण संमती झाली नाही तर पुढे काय, हे त्यात नसतं. इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवर १९९२ मध्येच सांगून झालं आहे की नुसती ‘वाटाघाटी करू’ ही कबुली कोर्ट अमलात आणू शकत नाही. म्हणून ‘संमतीने’च्या पुढच्याच ओळीत पर्याय हवा: ३० दिवसांत ठरलं नाही तर मागच्या वर्षीचा दर अमुक निर्देशांकाने वाढवून, किंवा अमुक पदावरचा स्वतंत्र तज्ज्ञ ठरवील तो.

उशीर झाला तर किती भरपाई, हा आकडा मोठा टाकला की समोरचा घाबरेल असं अशिलांना वाटतं. तो आकडा कोर्टात टिकेल का, हे देशागणिक बदलतं. भारतात करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही वरची मर्यादा धरतात आणि कोर्ट तिच्या आत वाजवी भरपाई देतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वेगळी कसोटी लावली: त्या कलमामागे रास्त व्यापारी हित आहे का, आणि आकडा त्या हिताच्या मानाने अवाच्या सवा आहे का. दोन्हीकडे चालेल असं करायचं तर आकडा कसा काढला याचा हिशेब त्याच वेळी करून ठेवा, एका दिवसाचं भाडं, मजुरी, बुडालेलं उत्पादन असं मांडून, आणि तो हिशेब ज्या ईमेलने पाठवलात त्याची प्रत जपून ठेवा. रोजचा दर लिहा, कमाल मर्यादा लिहा, आणि मर्यादा गाठल्यावर करार मोडता येतो का तेही लिहा. हे शेवटचं लोक हमखास विसरतात.

नुकसान किती दूरवरचं मागता येतं याचा पाया १८५४ च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल खटल्यात आहे. गिरणीचा तुटलेला दांडा नेणाऱ्या वाहतूकदाराने उशीर केला, गिरणी बंद राहिली, मालकाने बुडालेला नफा मागितला. मिळाला नाही, कारण हा दांडा नसेल तर गिरणी बंद पडते हे वाहतूकदाराला करार करताना माहीत होतं असं धरता येईना. तेव्हा तुमच्या अशिलाचं सगळं एका सुट्या भागावर अडणार असेल तर ते करारात स्पष्ट लिहा. पुरवठादाराची बाजू असेल, तर समोरच्याने असं वाक्य घातलं की तुमच्या जबाबदारीची कमाल मर्यादा लगेच खालच्या ओळीत मागा.

आणि संप, पूर, युद्ध? इंग्लिश कायद्याच्या वळणाच्या देशांत ‘फोर्स मेजर’, म्हणजे हाताबाहेरच्या घटनेमुळे मिळणारं संरक्षण, करारात लिहिलं तरच मिळतं. न लिहिता उरतो तो करार अशक्य झाल्याचा बचाव, आणि त्याची वाट फार अरुंद आहे. ‘महाग पडलं’ हे अशक्य नव्हे. घटनांची यादी सगळेच करतात. कळवायची मुदत आणि किती दिवसांनंतर कोणीही बाहेर पडू शकतो हे दोन आकडे मात्र रिकामे सोडतात.

मागची पानं

शेवटच्या पानांवरची कलमं कोणी वाचत नाही, म्हणून मी ती आधी वाचते. सगळ्यांवर सारखा वेळ घालवायची गरज नाही. मात्र चार ठिकाणी थांबा.

कुठला कायदा लागू? नोकरी किंवा करार संपल्यावर स्पर्धा करायची नाही, असं कलम इंग्लंडमध्ये वाजवी असेल तर टिकतं. भारतात करार कायद्याचं कलम २७ आणि कॅलिफोर्नियात तिथला कायदा त्याला फारशी जागा देत नाहीत. टेम्प्लेट कुठल्या देशातून आलं आहे ते म्हणूनच विचारायचं. आंतरराष्ट्रीय मालविक्रीत आणखी एक गंमत आहे. ‘जर्मनीचा कायदा लागू’ असं लिहिलंत, तर १९८० चा व्हिएन्ना विक्री करार, म्हणजे मालविक्रीचे देशादेशांनी मिळून केलेले नियम, त्याच्या पोटातून आपोआप येऊ शकतो, कारण जर्मनी त्यात आहे. भारत आणि ब्रिटन नाहीत. तो नको असेल तर नको असं स्पष्ट लिहावं लागतं.

लवाद हवा असेल तर ‘वाद लवादाकडे जाईल’ एवढ्यावर थांबू नका. लवादाचं कायदेशीर स्थान कुठलं, निवाडा देणारे किती, त्यांना नेमणार कोण, नियम कुठले, भाषा कोणती. परदेशातला निवाडा वसूल करायला १९५८ चा न्यूयॉर्क करार उपयोगी पडतो. १७० पेक्षा जास्त देश त्यात आहेत. समोरच्याची मालमत्ता ज्या देशात आहे तो त्यात आहे का, हे सहीच्या आधी पाहायचं.

करारात बदल फक्त लेखी आणि दोघांच्या सहीनेच, हे कलम इंग्लंडमध्ये २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या शिक्क्याने पक्कं आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘ठीक आहे’ लेखी धरायचं का, हे तुम्हीच लिहा. मी सहसा ‘नाही’ लिहिते.

आणि कागदपत्रांची उतरंड. मुख्य करार, परिशिष्टं, कोटेशन, परचेस ऑर्डर यांत विसंगती निघाली तर कोणाचं चालेल? परचेस ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी वर्षभराच्या वाटाघाटी गिळू शकतात.

सहीच्या दिवशी: सही करणाऱ्याला अधिकार आहे याचा ठराव मागून घ्या, प्रत्येक परिशिष्ट खरंच जोडलं आहे का पाहा, कोऱ्या जागा भरा किंवा खोडा. भारतासारख्या देशात मुद्रांक शुल्क भरलं नसेल तर १८९९ च्या कायद्याप्रमाणे कागद पुराव्यात घेतला जात नाही. ते शुल्क आणि दंड भरून मगच घेतात. इतकं नेमकं लिहून शेवटी तिकिटावर अडायचं, हे मी दोनदा पाहिलं आहे.

पाठवायच्या आधी मी मसुदा छापून घेते, फूटपट्टी खाली धरून मोठ्याने वाचते. श्वास पुरला नाही तर वाक्य तोडते. मग पैशांचं कलम तेवढं ऑफिसातल्या अकाउंटंट बाईंकडे देते. त्यांना व्यवहार माहीत नसतो, तो मी सांगतही नाही. एवढंच विचारते, ‘ताई, हे वाचून तुम्ही चेक कुठल्या तारखेला सोडाल?’ त्यांनी सांगितलेली तारीख माझ्या मनातल्या तारखेशी जुळली नाही, तर त्यांना काही समजावून सांगत नाही. कागद परत घेते आणि कलम नव्याने लिहिते.